थापण्याचा आवाज

रविवारी सकाळी भाकरी करायला बसलो की परातीखाली टॉवेलाची चौपदरी घडी घालतो. जर्मनीत रविवारची आणि रात्री दहानंतरची शांतता फार काटेकोर पाळतात. स्टुटगार्टला आलो त्या पहिल्याच महिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून विचारलं, आज रविवारचे खिळे ठोकताय का? मी पिठानं माखलेले हात दाखवले. त्यांना काही उमगलं नाही, पण हसून गेल्या. पुढच्या रविवारपासून टॉवेल आला.

इथल्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. पण गोदामांतून, बोटींतून इथवर येईतो त्याची विरी गेलेली असते. थापायला घेतलं की कडेनं चिरा पडतात, उचलावी तर हातात अर्धीच येते. आईनं फोनवर सांगितलं, "आधनाचं पानी घाल, हाताला चटका बसंल इतकं. आन् मळताना घाई करू नगंस." तेव्हापासून भाकरी जमते, फुगते मात्र तीनातली एक.

मी तेरचा. तेरणेच्या काठचं, गोरोबाकाकांचं गाव. मुक्ताबाईनं सांगितलं म्हणून काकांनी सगळ्या संतांच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवाचं मडकं कच्चं निघालं, ही गोष्ट आमच्याकडे पोराला शाळेच्या आधी कळते. कुंभार मडक्याची परीक्षा डोळ्यांनी नाही, कानानं करतो. लहानपणी मला नामदेवाची फार दया यायची. इतक्या लोकांत कच्चं ठरायचं म्हणजे काय, ते इकडे आल्यावर नीट समजलं.

दिवसभर नोकरी, लिहिणं रात्री. हिवाळ्यात आपल्या आणि इथल्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर. इथं रात्रीचे साडेबारा होतात तेव्हा तेरला पाच वाजतात. आई उठून अंगणात सडा टाकते त्याच वेळी माझं दिवसाचं शेवटचं पान होत आलेलं असतं. ती विचारते, "काय करायलास?" मी म्हणतो, "लिवायलो." एवढं बोलणं झालं की मला झोप लागते.

पण दोन वर्षं एक धास्ती होती. पिठासारखी माझ्या मराठीचीही विरी जाईल. दिवसातले दहा तास जर्मन आणि इंग्रजीत घालवून रात्री शब्द थापायला घ्यावेत आणि कडा चिराव्यात. कोपऱ्याकोपऱ्यावर पाव भाजणाऱ्या या शहरात बसून मी तेरणेकाठच्या कोरडवाहू शेताबद्दल लिहितो, ते कोणाला खरं वाटेल? मलाच वाटेल का?

गेल्या वर्षी नेपल्सला गेलो. मुद्दाम, एका मूर्तीसाठी. 1938 साली पॉम्पेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. पॉम्पेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं, म्हणजे ती त्याआधीच तिथं पोचलेली. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हणत, आता बरेच जण यक्षी म्हणतात. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात ती आहे. वितीहून थोडी उंच. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. काचेसमोर उभा राहिलो आणि पहिला विचार आला तो असा, की हिला मी ओळखतो. आमच्या गावच्या लामतुरे संग्रहालयात तेरच्या मातीत मिळालेली हस्तिदंती मूर्ती आहे. शाळेच्या सहलीला दुसरीकडे कुठं न्यायला जमलं नाही की गुरुजी आम्हाला तिथंच न्यायचे.

तेरचं जुनं नाव तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ते येतं: पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, जिथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जातं. आमचं गाव दोन हजार वर्षांपूर्वीच परदेशी माल पाठवत होतं, हे पाठ्यपुस्तकात वाचलं तेव्हा अंगावर काही आलं नव्हतं. नेपल्सला आलं. त्या मूर्तीवर कारागिराचं नाव नाही, गावाचं नाही. तेर आणि भोकरदनला तिच्यासारख्या मूर्ती निघाल्या, म्हणून ती सातवाहनांच्या काळात दख्खनेत घडली असावी असं काही अभ्यासकांना म्हणता आलं. घरी राहिलेल्या बहिणींनी तिची ओळख पटवली. त्या निघाल्या नसत्या तर तिला आपलं म्हणायला कुणाकडं काय आधार होता?

नेपल्सहून परतलो आणि लिहिलेलं पान आईला वाचून दाखवायला लागलो. पहिलं पान येळवशीचं होतं. मार्गशीर्षातली अमावस्या, शेतात कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, आंबील, भज्जी. आई चुलीपुढं बसून ऐकत होती, मधे मधे काड्या मोडल्याचा आवाज येई. पान संपल्यावर म्हणाली, "समदं बरूबर हाय. पर कडब्याची गंजी काय म्हनतूस? बनीम म्हन की."

बनीम. तोंडात तेवीस वर्षं वागवलेला शब्द, आणि लिहिताना हाताशी आला तो पुस्तकातला. खोडला. वर बनीम लिहिलं आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. आई काही बोलली नाही, म्हणजे ठीक होतं.

परवाच्या रविवारी परात पुढं ओढून बसलो होतो, फोन ओट्याला टेकवून ठेवला होता. तिकडे दुपार. आई शेंगा फोडत बोलत होती, ती बोलता बोलता थांबली.

"थापायलास का नुसता बसलास? आवाज कसा येईना?"

मी टॉवेलाची घडी काढून बाजूला ठेवली. परात ओट्यावर टेकली, गोळा घेतला आणि एक भाकरी मोकळ्या हातानं थापली. तिकडे शेंगांचा आवाजही थांबला होता.

"आता यायलाय," आई म्हणाली. "जरा कडंनं थाप, मधी जाड ऱ्हायली."