पायातली रंगीत कडी

रत्नागिरी

प्रिय मेघना,

तू सुधारून पाठवलेला फोटो मिळाला. हाताला सफाई आहे, यात शंका नाही. गुलाबी कबुतराच्या दोन्ही पायांतली रंगीत कडी अशी पुसली आहेस की तिथे काही होतं असा संशयसुद्धा येऊ नये. मागे दाण्याच्या पेटीचा कोपरा होता, तो जाऊन तिथे पानं उगवली आहेत. ‘आता कसं रानातलं पाखरू वाटतंय,’ असं खाली लिहिलं आहेस. फोनवर बोलले असते तर आपलं वाजलं असतं, म्हणून पत्र.

ते पाखरू रानातलंच आहे गं. पण रानात आहे ते त्या कड्यांमुळे आणि त्या पेटीमुळे. १९९०च्या सुमारास मॉरिशसच्या रानात ही कबुतरं दहाएक उरली होती. बाकी सगळी उंदीर, मांजरं, माकडं आणि उपासमार यांनी खाल्ली. मग पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडणं, दाणे ठेवणं, घरट्यांभोवती उंदीर मारणं, आजार तपासणं असं वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा आज काहीशे पक्षी मोकळे फिरताहेत. कडी घालतात ती प्रत्येकाची ओळख पटावी म्हणून. तिथल्या पेत्रँच्या रानात एक कार्यकर्ती दुर्बीण लावून डावा पाय, उजवा पाय असे रंग वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यावरून तिला तो पक्षी कुठल्या साली जन्मला, आईबाप कोण, मागच्या हंगामात जोडी कुणाशी होती, सगळं सांगता येत होतं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपड्यांत आपली कुळं असतात ना, तशी तिथे कबुतरांची आहेत. तू पुसलंस ते त्या पक्ष्याचं नाव.

भिंतीवर टांगल्यावर येणारे-जाणारे विचारणार, हे पायात काय आहे, आणि तुला दर वेळी सांगत बसावं लागणार, ही तुझी अडचण मला कळते. विचारू देत की! नुसतं ‘वा, काय गोड रंग आहे’ म्हणून लोक पुढे सरकले तर तो फोटो काढण्यात माझी एवढी पहाट कशाला गेली?

तुझ्या डोक्यात ‘अस्पर्श निसर्ग’ आहे, तो कॅलेंडरांनी घातलाय. मॉरिशसमध्ये तो शोधायला गेलीस तर तुझा कॅमेरा तुला पहिल्या तासातच फसवेल. हॉटेलच्या अंगणात पहिल्यांदा लेन्ससमोर येऊन बसतो तो आपला शिपाई बुलबुल, तोच तुरा, तेच लाल गाल. १८९२च्या सुमारास तो तिथे पोचला आणि बेटभर झाला. मग साळुंकी. मग गावकावळा. झुडपातून सुळकन जातं ते मुंगूस, १९००मध्ये उंदरांच्या बंदोबस्तासाठी भारतातून नेलेलं. त्याने उंदरांबरोबर पक्ष्यांचाही बंदोबस्त केला. हरणं डचांनी जावाहून आणलेली. माकडंही आग्नेय आशियातली. आणि ज्या हिरव्यागार झाडीपुढे उभं राहून लोक ‘जंगल, जंगल’ म्हणून फोटो काढतात, ती पुष्कळदा ब्राझीलहून आलेल्या पेरूची दाटी असते. चांगलं म्हणावं असं मूळचं रान बेटावर दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय. ते ठेंगणं असतं, शेवाळलेलं, फांद्या वाऱ्याने पिळवटलेल्या. फोटोत अजिबात भव्य दिसत नाही. मी काढलेल्या रानाच्या फोटोंतला जो तुला ‘काहीसा अंधारा आणि विस्कटलेला’ वाटला, तो तेवढाच खरा रानाचा आहे.

मॉरिशसच्या केस्ट्रेलचं तर विचारूच नको. १९७४मध्ये या छोट्या ससाण्याचे चार पक्षी माहीत होते. जगात चार! मलेरियासाठी फवारलेली डीडीटी, तोडलेली झाडी, अंडी पळवणारे प्राणी, अशी कारणं. १९७९मध्ये कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा तरुण तिथे गेला. त्याला जवळजवळ काम गुंडाळायलाच पाठवलं होतं म्हणतात. त्याने उलट घरट्यातली अंडी काढून नेली, मादीने दुसरी घातली, पहिली यंत्रात उबवून पिल्लं हाताने भरवली, रानातल्या जोड्यांना पांढरे उंदीर खाऊ घातले, डोंगरकड्यांवर लाकडी पेट्या टांगल्या. पक्षी पुन्हा शेकड्यांत गेले. जोन्सना २०१६मध्ये इंडियानापोलिस पारितोषिक मिळालं. आता सांग, केस्ट्रेल लाकडी पेटीच्या दारात बसलाय तो फोटो खोटा आणि पेटी कापून नुसत्या फांदीवरचा फोटो खरा, हे कुठलं गणित?

नावाजलेल्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धांत काही पुसलं किंवा घातलं तर फोटो बाद होतो, हे तुला ठाऊक आहेच. पण मला नियमाचं कौतुक नाही. काही न पुसता, नुसतं चौकट कुठे धरायची एवढ्यानेही मस्त खोटं बोलता येतं, आणि मॉरिशसची निसर्गदृश्यं हा त्याचा नमुना आहे.

तू मागितलेला तो ‘समुद्राखालचा धबधबा’ घे. ल मॉर्नच्या टोकाशी निळं पाणी एका दरीत कोसळतंय, असा तो फोटो जगभर फिरतो. पाणी कुठेही कोसळत नाही. प्रवाळाच्या उथळ पठारावरची वाळू आणि गाळ प्रवाहाबरोबर कडेवरून खोल उतारावर घसरतो. वरून पाहिलं की धारा वाटतात. किनाऱ्यावर उभं राहून त्यातलं काही दिसत नाही, हेलिकॉप्टरचे पैसे मोजावे लागतात. मी नाही मोजले. त्याच्या शेजारी ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्नचा कातळ उभा आहे. पळून आलेले गुलाम त्याच्या माथ्यावर आणि कपारींत लपून राहत. १८३५मध्ये गुलामगिरी संपल्याची खबर घेऊन शिपाई वर निघाले, तेव्हा ते धरायलाच आलेत असं समजून लोकांनी खाली उड्या टाकल्या, अशी कथा तिथे घरोघर सांगतात. २००८मध्ये युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून नोंदवला. पर्यटकांच्या फोटोत मात्र तो कातळ बहुधा पुढच्या माडाला आणि आरामखुर्चीला पार्श्वभूमी म्हणून येतो.

आणि ऊस. विमान उतरायला लागलं की जे हिरवं दिसतं ते ऊस असतो, रान नव्हे. मळ्यांमधून काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. जमीन साफ करताना माणसांनी वेचून रचलेले. १८३४पासून पुढच्या सात-आठ दशकांत सुमारे ४.५ लाख माणसं गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर, म्हणून भारतातून त्या बेटावर उतरली. बिहारकडची सर्वांत जास्त, तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली, त्यात रत्नागिरीकडचीही. मी तो ढीग पुढे आणि डोंगर मागे धरून फोटो काढला. तुझ्या बाबांनी कळवलंय की दगड कापून नुसता डोंगर दवाखान्यात लावतो. त्यांना सांग, डोंगर आपोआप झालाय, ढीग नाही.

त्या डोंगरांची एक गोष्ट मात्र मला विलक्षण वाटते. पीटर बॉथचा सुळका पाहिलास की तुला सह्याद्रीची आठवण येईल, आणि ती नुसती आठवण नसते. भूशास्त्रज्ञ मानतात की आपला दख्खनचा बसाल्ट ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमातून बाहेर आला, त्याच उगमावर पुढे मॉरिशस उठलं, ८०-९० लाख वर्षांपूर्वी. भारत उत्तरेला सरकत गेला, उगम मागे राहिला; आज तो रियुनियन बेटाखाली धगधगतो. शामारेलची सात रंगांची माती त्याच दगडाची कुजून झालेली, लोखंडाची लाली घेऊन. जांभ्यावर वाढलेल्या माणसाला तिचं नवल जरा कमीच वाटतं. कुंपणाबाहेरून बघायची, सकाळी लवकर, ऊन तिरपं असताना. दुपारी सगळे रंग एकच होतात.

तू तिथे जाणारच आहेस, म्हणून उजेडाचं आणखी सांगते, नाहीतर पुस्तकं वाचून पहाट आणि संध्याकाळ एवढंच धरून बसशील. खाजणाचं पाणी, म्हणजे प्रवाळाच्या बांधाआतलं ते निळं-हिरवं, डोक्यावर ऊन आल्याशिवाय फुलत नाही. पोलरायझर लावून अकरा ते दोन तिथे घालव आणि रानात सकाळी जा. दुसरं म्हणजे जून-जुलैत सूर्य उत्तरेकडून फिरतो. इथल्या सवयीने दक्षिणेचा उजेड धरून जागा ठरवलीस तर सगळं सावलीत येईल. वातानुकूलित गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर धुकं धरतं, बॅग बंदच ठेवून थोडा वेळ थांब. किनाऱ्यावर आग्नेयेचा वारा खारट तुषार आणतो. फडकं ओलं करून पूस, कोरडं घासू नकोस.

मोठ्या लेन्सच्या मागे लागून छोट्या गोष्टी सोडू नकोस. तिथल्या हिरव्या पाली बघ, लाल-निळ्या ठिपक्यांच्या, दिवसा उन्हात फिरणाऱ्या. त्या फुलांतला मध पितात आणि परागण करतात. ल मॉर्नच्या कातळावरच उगवणाऱ्या ट्रोकेशियाच्या फुलात मध लाल असतो. रंगीत मध पालींना ओढतो असं अभ्यासकांना आढळलंय. हेच तिथलं राष्ट्रीय फूल. पाल म्हटलं की तू किंचाळतेस, तरी बघ.

वटवाघळांचेही फोटो घे, मोठी फळं खाणारी, संध्याकाळी रांगेने निघतात. ती मूळची तिथलीच, रानाच्या बिया तीच पसरवतात, आणि लिची-आंब्यासाठी सरकारने २०१५पासून ती हजारोंनी मारली. शेतकऱ्याचं नुकसान होतं हे खरंच आहे, आपल्या हापूसवाल्याला विचार. पण सबंध बेटाचं रान पेरणारा प्राणी मारून किती आंबे वाचतात, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

डोडोचा फोटो नाही, असणार कसा? १५९८मध्ये डच उतरले आणि शंभर वर्षं पुरी व्हायच्या आत डोडो संपला. युरोपातली गोलमटोल चित्रं पाहून आपण तो आळशी जाड्या समजतो. जिवंत पक्षी पाहून काढलेलं आणि जाणकारांना फार विश्वासू वाटणारं एक चित्र मात्र आपल्या बाजूचं आहे, हे तुला माहीत नसेल. जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं म्हणून ते ओळखतात, साधारण १६२५चं. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. चित्रात डोडो मध्ये उभा आहे, सडसडीत, आणि भोवती हिंदुस्थानातले पक्षी. ते आता सेंट पीटर्सबर्गला आहे. मन्सूरने त्याला मॉरिशसच्या खोट्या रानात उभं केलं नाही, दरबारी पाखरांतच ठेवलं. परक्या मुलखात आणलेला पक्षी परका म्हणून काढला.

इल ओ झेग्रेत मात्र चुकवू नकोस. माहेबूरजवळून होडीने जायचं, २६ हेक्टरचं प्रवाळी बेट. सोबत वाटाड्या असल्याशिवाय फिरू देत नाहीत, हे उत्तमच. तिथली मूळची महाकाय कासवं माणसांनी खाऊन संपवली. आता अल्डाब्रा बेटावरची कासवं त्यांच्या जागी नेमली आहेत. एबनी, म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं झाड, त्याची फळं ती खातात आणि पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. कासवं परदेशी, काम तिथल्या मूळच्या कासवांचं. शुद्ध निसर्गवाल्यांना हे फार झोंबतं. मला कासवाच्या विष्ठेतून उगवलेल्या एबनीच्या रोपाचा फोटो मिळाला तेव्हा सगळ्या सहलीचे पैसे वसूल झाले.

याच बेटाच्या समोर २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचं जहाज प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये सुमारे १००० टन तेल पाण्यात आलं. बेटावरचे काही दुर्मीळ पक्षी आणि रोपवाटिकेतली रोपं घाईने हलवावी लागली. लोकांनी वाट बघितली नाही. उसाचं पाचट कापडाच्या लांब पिशव्यांत भरून, शिवून, पाण्यावर तरंगते बांध घातले. केस कापून दिले. जगाने तेव्हाचे जे फोटो पाहिले त्यांत काळं पाणी होतं आणि कोपरापर्यंत काळे झालेले हात होते. त्या हातांपैकी किती जणांचे पणजोबा तो ऊस लावायला आले असतील, हे आपलं मी मनात म्हणते.

गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. त्या सुमारास जमलं तर कास्काव्हेलला जा. विसर्जनाच्या वेळी मराठी मंडळी झाकरी म्हणतात, आपल्या जाखडीची बहीण. घरी ती क्रिओल बोलतात, मराठी शाळेत आणि मंदिरात शिकतात, आणि तुझं गाव कुठलं हे पहिल्यांदा विचारतात. नीट पत्ता सांग, तालुक्यासकट. आधी जेव, मग फोटो काढू का विचार.

तिकिटं काढलीस की कळव. होडीची जागा आधी धरावी लागते, आणि माझी जुनी रेनकोटची पिशवी तुझ्या आईकडे आहे, ती ने. वरच्या पठारावर पाऊस केव्हाही येतो.

तुझी,
मावशी