वाटा

आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरी सकाळची उन्हे गडग्यावरून खळ्यात उतरली, की पाणंदीच्या वळणापलीकडून मासेवालीची हाळी येई, आणि त्या दिवशी चुलीवर काय शिजायचे याचा निर्णय आजीने नव्हे, तर समुद्राने केव्हाच करून ठेवलेला असे. ‘वयनी, तारले ताजे असत, घेवा,’ असे म्हणत ती डोक्यावरची पाटी उतरवी, केळीच्या पानावर पंधरा-वीस तारल्यांचे वाटे लावी. घासाघीस यथासांग पार पडे, भाव ठरे, आणि तरीही वाट्यावर दोन तारले अधिक पडल्याखेरीज व्यवहार पुरा झाल्याचे समाधान त्या दोघींपैकी एकीलाही होत नसे.

वाटा हा शब्द मला रापणीचाच वाटतो. किनाऱ्यापासून अर्धवर्तुळात सोडलेले ते लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी वाळूवर ओढून घ्यायचे, आणि निघालेल्या मासळीतून जाळ्याचा, होडीचा व ओढणाऱ्या प्रत्येक हाताचा हिस्सा शिरस्त्याप्रमाणे काढून द्यायचा, ही गाबीत वस्तीची जुनी वहिवाट. पर्ससीन जाळ्यांनी तिचा घास हिरावला. 2016 साली शासनाने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, परंतु ओस पडलेली रापण पाहताना आजही जीव कळवळतो.

पावसाळ्यात, मासेमारीच्या बंदीत समुद्र मिटला, म्हणजे उन्हाळाभर केलेली बेगमी बाहेर निघे: मडक्यातले सुके बांगडे, सोडे, गोलमा. निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, वर खोबरेल तेलाचा थेंब आणि सोबत उकड्या तांदळाची पेज, या जेवणाची सर मला अन्यत्र कोठेही आढळली नाही.

मुंबईस बिऱ्हाड केल्यावर मासळीला पंचांग लागले. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी वगळून उरलेल्या वारांपैकी पगाराच्या ऐपतीला झेपतील तेवढे वार माशांचे. पापलेट केवळ पाहुण्यांपुरते. परंतु याच शहराने आईला बोंबील दिला, जो तिने माहेरी क्वचितच हाताळला होता. चाळीतल्या शेजारणीकडून ती शिकली, की बोंबील उभा चिरून, काटा काढून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून पाट्याखाली घटकाभर दाबावा, म्हणजे अंगचे पाणी निथळून तो तव्यावर कुरकुरीत होतो. बांगड्याच्या तिखल्यासाठी तिरफळे मात्र गावाहूनच येत. बिया काढून, किंचित ठेचून ती रश्शात पडली, की चाळीच्या त्या अरुंद खोलीला आजीच्या चुलीचा वास येई.

बाजारात आता सारे वजनावर चालते. परवा आईसोबत गेलो होतो. काट्यावर मांदेली मोजून झाली, पैसे दिले, मी वळलोही, पण आई पिशवीचे तोंड उघडे धरून तशीच उभी राहिली. कोळणीने तिच्याकडे पाहिले, ‘घे गो बाय,’ म्हणाली, आणि ओंजळभर करंदी पिशवीत सोडली.