पाणसळ

यंत्रांची नाडी पाहण्याची आम्हांस लहानपणापासून हौस आहे. आमच्या हातून एखादे यंत्र बरे झाल्याचे मात्र घरात कोणास स्मरत नाही. तरीही गेल्या आश्विनात आजऱ्यास गेलो ते एक ड्रोन बरोबर घेऊनच. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला 'नॅनो' म्हटले आहे. त्या जातीचे ते पाखरू. गुडघे दुखू लागल्यापासून मातोश्रींना हिरण्यकेशीकाठचे आपले खाचर दिसले नव्हते. ज्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते घनसाळ भात निसवले होते. आम्ही भावंडे परगावी. शेत विकण्याचे बोलणे जवळजवळ ठरले होते. तेव्हा हे पीक तरी त्यांना घरबसल्या दाखवावे, असा आमचा बेत.

पहिल्याच उड्डाणात ड्रोन आंब्याच्या फांदीस अडखळून जांभ्याच्या पायरीवर आदळले. पंखे शाबूत राहिले, पण चित्र हुडहुडी भरल्यासारखे थरथरू लागले. दुखणे गिंबलचे होते. जुन्या जहाजांवर होकायंत्र कड्यांत टांगलेले असे. गलबत कितीही डोलले तरी ते आडवेच राही. गिंबल म्हणजे तीच युक्ती. फरक इतकाच, की येथे तीन चिमुकल्या मोटारी हे काम करतात. ड्रोन डावीकडे कलले, की संवेदक ते ओळखतो आणि मोटार कॅमेऱ्यास तितकेच उजवीकडे फिरवते.

ड्रोन बंद करून आम्ही कॅमेरा बोटाने हलकेच फिरवून पाहिला. तो कोठे अडत नव्हता. फितीसारखी चपटी तारही तुटलेली नव्हती. अखेर भिंगातून पाहता, धक्के शोषणाऱ्या रबरी गुंड्यांपैकी एक आपल्या भोकातून निसटलेली आढळली. चिमट्याने ती जागी बसवताच थरथर थांबली. मग ड्रोन ओट्यावर ठेवून, ज्यास कॅलिब्रेशन म्हणतात ती जुळणीही उरकली आणि विजयी मुद्रेने खाचराचे चित्र मातोश्रींपुढे धरले.

त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे, खाचरात पाणी तिरकं कसं रे उभं राहिलं?"

खरेच, सारे शिवार एका अंगास कलले होते. आम्ही दोनदा जुळणी केली. दोन्ही वेळा कल तेवढाच. तेव्हा कारखानदाराच्या नावाने बोटे मोडणे एवढाच उपाय उरला, आणि तो आम्ही मनःपूर्वक केला.

"पण तू ते ठेवतोस कुठं? ओट्याला उतार आहे. पावसाचं पाणी अंगणात जावं म्हणून ह्यांनी गवंड्याला सांगून मुद्दाम ठेवून घेतला होता."

त्यांनी माजघरात पाट मांडावयास लावला, त्यावर परात ठेवून बोटभर पाणी ओतविले. पाणी कडेला सर्वत्र सारखे टेकेपर्यंत आम्ही पाटाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारीत होतो. गवंड्याची पाणसळ ती हीच! मग परात उचलून त्याच पाटावर ड्रोन ठेवले. बिचारे यंत्र निर्दोष होते. आम्ही ज्यास सपाट म्हटले, त्यासच ते सपाट मानीत आले होते.

पुढल्या चित्रात पाणी खाचरात निवांत पसरले होते. मातोश्रींचे बोट एका कोपऱ्यावर थांबले. "वरचा बांध फुटलाय. दाणा भरायच्या वेळेला पाणी जाऊन चालायचं नाही." विक्रीविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. शेताच्या विक्रीचा हिशेब आम्ही कागदावर कितीदा तरी मांडला होता आणि उत्तर दर वेळी तेच आले होते. पण तो मांडताना आम्ही कोठे बसलो होतो? मातोश्रींस तर कोणी विचारलेही नव्हते.

सकाळी गिऱ्हाइकास 'तूर्त थांबावे' असा निरोप पाठवला आणि फावडे घेऊन बांधाकडे निघालो.