रेघेखालची अक्षरं

लांडगीण माझ्याकडे आली ती पावसामुळे. मोझेल नदीकाठच्या ट्रियर गावात, एका रविवारी, कुठल्याशा सभागृहात जुन्या नाण्यांचा बाजार भरला होता आणि माझ्याकडे छत्री नव्हती. आत शिरलो, उगाच टेबलांमधून हिंडत राहिलो. एका म्हाताऱ्या विक्रेत्याने काही न बोलता एक नाणं माझ्या तळव्यावर ठेवलं. आपल्याकडच्या पन्नास पैशांहून लहान, तपकिरी, कडेला हिरवट. एका अंगाला शिरस्त्राण घातलेली स्त्री, म्हणजे साक्षात रोमनगरी. दुसऱ्या अंगाला लांडगीण. मान वळवून ती पोटाखाली दूध पिणाऱ्या दोन पोरांकडे बघते आहे. वर दोन चांदण्या.

मग त्याने भिंग दिलं आणि बोट ठेवलं ते लांडगिणीवर नाही, तिच्या पायांखालच्या रेघेखाली. तिथे तीन अक्षरं होती. टी, आर, पी. घरी टीव्हीवरच्या मालिकांच्या चर्चा ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला हसू फुटणारच. पण ‘टीआर’ म्हणजे ट्रियर आणि ‘पी’ म्हणजे तिथल्या टांकसाळीतला पहिला कारखाना. ज्या गावात मी पाऊस थांबायची वाट बघत होतो, त्याच गावात सुमारे 1,700 वर्षांपूर्वी कुणीतरी ते हातोड्याखाली ठोकलं होतं. एका साध्या जेवणाच्या पैशांत मी ते घेतलं. पाऊस केव्हा थांबला ते कळलं नाही.

इसवी सन 330 मध्ये, 11 मे रोजी, सम्राट कॉन्स्टंटाईनने बॉस्फरसच्या काठी आपल्या नव्या राजधानीचं, कॉन्स्टँटिनोपलचं, लोकार्पण केलं. त्या निमित्ताने दोन नाणी निघाली, एक नव्या नगरीच्या नावाचं आणि एक जुन्या रोमच्या. हे दुसरं म्हणजेच माझं लांडगिणीचं. दोन्हींवर सम्राटाचा चेहरा नाही, नावही नाही. मला यात नेहमी एक ओळखीची गोष्ट दिसते. मुलगा शहरात बिऱ्हाड थाटतो आणि गावच्या म्हातारीचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावतो. इतिहासकार याला राजकारण म्हणतील. तेही खरंच असेल.

तो फोटो एकूण तेरा टांकसाळींनी काढला. पश्चिमेला ट्रियर, लिआँ आणि आर्ल. इटलीत रोम आणि अक्विलेया. आज क्रोएशियात असलेलं सिस्किया. मग थेस्सालोनिका, हेराक्लेया, कॉन्स्टँटिनोपल, निकोमीडिया, सिझिकस. आणि पार खाली अँटिओक व अलेक्झांड्रिया. लंडनची टांकसाळ 325 च्या सुमारासच बंद झाली होती, म्हणून लंडनची लांडगीण नाही. हे कळल्यावर मी लाकडाचा एक खणांचा ट्रे आणला. तेरा खण कागदाच्या चिठ्ठ्यांनी भरले. तिथून पुढची अकरा वर्षं त्या चिठ्ठ्या एकेक करून उचलण्यात गेली.

रेघेखालची अक्षरं शोभेसाठी नव्हती. नाणं वजनाला हलकं निघालं तर कुठल्या गावातल्या कुठल्या कारखान्याचा कान धरायचा, हे कळायची ती सोय होती. पश्चिमेकडचे कारखान्यांना लॅटिन क्रमवाचक शब्दांची आद्याक्षरं देत, पूर्वेकडचे ग्रीक अंकाक्षरं. ग्रीकांत नऊ म्हणजे थीटा. पण मृत्यूसाठीचा शब्दही थीटानेच सुरू होतो. म्हणून अँटिओकच्या काही जुन्या नाण्यांवर नऊच्या जागी चार आणि पाच अशी दोन अक्षरं शेजारी शेजारी कोरलेली आढळतात, आणि त्यामागे तो अपशकुन टाळणं होतं असं मानतात. हे वाचलं तेव्हा आमच्या गल्लीतले वाणी आठवले. ते रात्री दुकान कधी बंद करत नसत, वाढवत असत.

अक्षरांनी मला एकदा चांगलंच फसवलं. ‘कॉन्स्टँटिनोपल’ अशी चिठ्ठी असलेली लांडगीण मी घेतली, तिच्या खणात ठेवली, वर्षभर मिरवली. तिच्या पायाशी अक्षरं होती ‘पीकॉन्स्ट’. मग एका संध्याकाळी पुस्तक चाळताना समजलं की फ्रान्समधल्या आर्लचं नाव तेव्हा बदलून कॉन्स्टँटिना केलेलं होतं. ही त्या गावची. बॉस्फरसची टांकसाळ आधी ‘कॉन्स’ लिहिते आणि कारखान्याचं अक्षर शेवटी. विकणाऱ्याला दोष कशाला द्यायचा? भिंग माझ्याही हातात होतं.

साचा एकच, पण हात तेरा गावांचे. माझ्या ट्रियरच्या लांडगिणीची आयाळ केस मोजून घ्यावेत इतकी रेखीव आहे. सिस्कियाची बिचारी हडकुळी, बरगड्या दिसाव्यात अशी. अलेक्झांड्रियाच्या कारागिराने बहुधा लांडगा कधी पाहिलाच नसावा, त्याने काढलेलं जनावर मला तरी कुत्रं वाटतं. पोरंही कुठे बाळसेदार, कुठे नुसत्या दोन गाठी. फोनवर आईला हे सांगत होतो तर ती म्हणाली, “म्हणजे आपल्या शिवराईसारखंच की रे. आजोबांच्या डब्यातल्या दोन शिवराया कधी एकसारख्या होत्या का?” नव्हत्या. एकीवर ‘राजा’ पुरता उमटला होता, दुसरीवर ‘शिव’ कडेबाहेर गेला होता. तेव्हा आम्हा पोरांना ती खोट वाटायची.

शेवटी एकच चिठ्ठी उरली. अँटिओक, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं अंताक्या. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात ते गाव जवळजवळ सगळं कोसळलं. त्यानंतर काही महिन्यांनी एकाने मला मातीसकट नाण्यांचं पुडकं दाखवलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ताजा माल आहे.” वरच्याच नाण्यावर लांडगिणीची मान मला दिसली. रेघेखाली ‘एसएमएएन’ असणार याची खात्री होती. अकरा वर्षं जिची वाट बघितली ती हातभर अंतरावर. पण ‘ताजा’ हा शब्द घशाखाली उतरेना. कुणाच्या पडलेल्या भिंतीखालून, कुणाच्या शेतातून हे उकरलं, ते विचारलं तर तो हसला. मी उठलो. थोर वगैरे काही वाटलं नाही. घरी येईपर्यंत चिडचिडच झाली.

ती मिळाली पुढच्या हिवाळ्यात, एका दिवंगत संग्राहकाच्या पेटीतून. सोबत पिवळा पडलेला पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर निळ्या शाईत टांकसाळ, वजन, कुठून घेतलं आणि साल: 1971. माझ्या जन्माआधीचं. लांडगीण झिजलेली, एक पोर तर पुसूनच गेलेलं. मी चिठ्ठी उचलली, नाणं खणात ठेवलं आणि पुठ्ठ्याचा तुकडाही खाली सरकवला.

तेरा खण भरले. आता करायचं काय, ते सुचेना. बायको पोळ्यांची कणीक मोजत होती. मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि तिचा काटा मागितला. तिने परात बाजूला केली, काटा पुसून दिला. सगळ्या लांडगिणी मी एकीवर एक त्यावर ठेवल्या.

एकतीस ग्रॅम भरल्या.