भित्र्यांचें बिऱ्हाड

ज्याच्या नांवांतले दोन्ही शब्द खोटे आहेत असा एक प्राणी गेल्या वर्षापासून जुन्नरास आमच्या घरीं मुक्कामाला आहे. गिनीपिग हा गिनी देशाचा नव्हे आणि डुकराच्या जातीचाहि नव्हे. अँडीज पर्वतांतील लोकांनीं हजारों वर्षांपूर्वीं त्याला माणसाळविलें तें खाण्यासाठीं. सोळाव्या शतकांत तो युरोपांत गेला आणि पुढें प्रयोगशाळेंत शिरला. १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु ओळखला. १९०७ सालीं नॉर्वेंतील होल्स्ट व फ्रोलिख यांनीं स्कर्व्हीचा आहाराशीं असलेला संबंध दाखविला. दोन्ही वेळां हाल सोसले ते यानेंच. आतां तर ज्याच्यावर वाटेल तो प्रयोग करावा अशा माणसालाहि आपण गिनीपिगच म्हणतों.

आमच्या धाकट्या मुलीनें पुण्याहून या जातीच्या दोन माद्या आणल्या. पहिले आठ दिवस त्या पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यांत एकमेकींना चिकटून दगडासारख्या निश्चल बसून होत्या. शिंगें नाहींत, नख्यांत जोर नाहीं, झाडावर चढतां येत नाहीं. लपणें हीच त्यांची एकमेव विद्या, आणि उघड्या पिंजऱ्यांत ती निरुपयोगी. हें ध्यानांत येतांच मुलीनें त्यांच्यासाठीं फर्निचर करावयास घेतलें.

हा शब्द ऐकून वाचकांनीं हंसूं नये. त्या कामांत शास्त्र आहे. जाड पुठ्ठ्याचें घरकुल आणि त्यावर कापडाची खोळ; खोळ नाड्यांनीं बांधलेली, कारण ती वरचेवर काढून धुवावी लागते. शिवण दुमडून पक्की केलेली, नाहीं तर सुट्या दोऱ्यांत त्यांचीं इवलीं नखें अडकतात. बटणें मुळींच नाहींत, कारण त्यांचे दांत जन्मभर वाढत असतात आणि त्यांना सतत कांहींतरी कुरतडावयास लागतें. आणि प्रत्येक घरकुलाला दारें दोन: एकीनें वाट अडविली तर दुसरीला मागच्या दारानें निसटतां आलें पाहिजे. एका दाराचें घर म्हणजे भित्र्या जिवाला सांपळाच.

प्रश्न उभा राहिला कापडाचा. थंड देशांतले लोक यासाठीं लोंकरीसारखें उबदार कापड वापरतात. पण पारा तिशीच्या वर चढला कीं हे प्राणी कासावीस होतात, आणि आमच्याकडचा वैशाख कसा असतो हें सांगावयास नको. येथें हवें वापरून मऊ झालेलें सुती कापड. मुलगी म्हणाली, "बाबा, आजीचें एक लुगडें द्याल?"

माझी आई चार वर्षांपूर्वीं वारली. तिचें सासर आंबेगांवचें. तें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तिच्या संसाराची म्हणून एक वीटहि आज दाखवितां येणार नाहीं. उरलीं तीं ट्रंकेंतलीं तीन लुगडीं. त्यांतल्या एकाला कात्री लावून तें जनावराच्या पायांखालीं अंथरावयाचें, हें मनाला पटेना. मीं दोन दिवस उत्तर दिलें नाहीं.

त्या दोन दिवसांत आईच आठवत राहिली. तिच्या हिशेबीं वस्त्राचा प्रवास ठरलेला होता: अंगावर विरलें कीं गोधडींत, गोधडी फाटली कीं गोठ्यांत. पौषांत जन्मलेल्या वासराला तिनें स्वतःच्याच जुनेरांत गुंडाळलेलें मीं पाहिलें आहे. आणि आणखी एक गोष्ट आठवली. गांव सुटल्यावर आम्ही नव्या जागीं पत्र्याच्या एका खोलींत उतरलों. चहूंकडे अनोळखी माणसें. आईनें चूल मांडण्याआधीं दोरी बांधली आणि तिच्यावर जुनेर टाकून एका कोपऱ्याला आडोसा केला. पहिले कांहीं दिवस ती त्याच्या आडच असे. मग हळूहळू बाहेर येऊं लागली, शेजारणींशीं बोलूं लागली, त्यांच्या सुखदुःखांत शिरली. तें जुनेर मात्र दोरीवर तसेंच राहिलें.

मीं ट्रंक उघडून दिली.

आतां त्या दोघी दिवसाचा बराच वेळ घरकुलाबाहेर असतात. विळीवर भाजी चिरल्याचा आवाज आला कीं शीळ घालतात, माणसाच्या हातांतली कोथिंबीर ओढून नेतात. लपावयास जागा नव्हती तेव्हां त्या अष्टौप्रहर लपण्याच्या धडपडींत होत्या. जागा मिळाली, आणि लपणें जवळजवळ थांबलें. आपण फर्निचर मांडतों तें बहुधा पाहणाऱ्याच्या डोळ्यांसाठीं. भिणाऱ्याच्या सोयीसाठीं मांडलेलें फर्निचर मीं आयुष्यांत दोनदांच पाहिलें: एक या पिंजऱ्यांत, आणि दुसरें त्या पत्र्याच्या खोलींत, दोरीवर टाकलेलें.

दोन लुगडीं अजून ट्रंकेंत आहेत. त्यांतलें एक गोधडीसाठीं राखून ठेवावें, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत आहे. दुसऱ्याविषयीं मुलगी अद्याप कांहीं बोललेली नाहीं. पण परवां ती त्याची लांबी मोजीत होती.