इस्त्रीआधीचं पाणी

कुरळ्या केसांच्या मुलीला महाराष्ट्रात सल्ल्यांची कधी ददात पडत नाही. माझं माहेर कोल्हापूरचं. लाल रिबिनी लावून दोन वेण्या कितीही घट्ट घातल्या तरी मधल्या सुट्टीपर्यंत कपाळावर झिंज्या उभ्या राहायच्या. 'जरा तेल लाव गं', 'जरा विंचरत जा', 'पिंजारून काय फिरतेस' हे ऐकतच मोठी झाले. तेल चोपडलं की केस चप्प बसायचे, त्यामुळे कोरड्या केसांवर औषध एकच, खोबरेल, याबद्दल घरात दुमत नव्हतं. त्या तेलाचं काम नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मात्र मला शिकागोत कळलं, कृष्णवर्णीय बायकांच्या एका पार्लरमध्ये.

नोकरीच्या निमित्तानं तिथे गेले आणि पहिल्याच हिवाळ्यात केसांनी असहकार पुकारला. बाहेर उणे तापमान, घरात अहोरात्र हीटर. खोलीतली हवा इतकी कोरडी, की अंधारात स्वेटर काढला तर ठिणग्या दिसाव्यात. केसांचा पार काथ्या झाला. डेव्हन अव्हेन्यूवर भारतीय दुकानांची रांगच आहे. त्या बाजूच्या एका पार्लरमध्ये गेले. तिथल्या ताईंनी दोन बटा चिमटीत धरल्या आणि निकाल दिला, "रिबॉन्डिंग करून टाका, कटकटच मिटेल." मला कटकट मिटवायची नव्हती. लग्नकार्याला, एखाद्या समारंभाला केस सरळ हवेत आणि नंतर आपले पूर्ववत कुरळे, एवढीच माझी मागणी होती. ऑफिसातल्या मैत्रिणीपाशी हे बोलले. ती शहराच्या दक्षिण भागात वाढलेली, कृष्णवर्णीय. ती हसून म्हणाली, "मग आमच्याकडे चल. आम्ही शंभर वर्षं हेच करतोय."

शंभर वर्षं ही काही तोंडाला येईल ती संख्या नव्हती. १८६७ साली लुइझियानात जन्मलेली सारा ब्रीडलव्ह ही गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची मुलगी. धुणी धुऊन पोट भरणाऱ्या या बाईनं पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावानं केसांची मलमं विकायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये इंडियानापोलिसला बस्तान बसवलं. तापवलेली लोखंडी फणी तिनं शोधली नाही, पण तिच्या विक्रेत्या बायकांनी ती घरोघरी पोचवली. खुद्द शिकागोच्या दक्षिण भागात १९५४ साली जॉर्ज जॉन्सन यांनी अडीचशे डॉलर कर्जाऊ घेऊन कृष्णवर्णीयांच्या केसांसाठी कंपनी काढली. 'सोल ट्रेन' या दूरचित्रवाणीवरच्या गाजलेल्या कार्यक्रमाला याच कंपनीच्या जाहिरातींनी बळ दिलं. मैत्रिणीच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरात गॅसवर फणी तापत असे. आई म्हणे, "कान धर." कानाची पाळी हातानं दुमडून, श्वास रोखून बसायचं. तरी एखादा चटका बसायचाच.

मधल्या काळात रसायनांची चलती झाली. मैत्रिणीच्या आईनं वर्षानुवर्षं केस सरळ करणारा रिलॅक्सर लावला, पुढे मैत्रिणीनंही. तो केसांतले पक्के बंध तोडतो, त्यामुळे त्या केसाला पुन्हा वळण येत नाही. नवीन उगवलेला केस तेवढा कुरळा. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा अशी रसायनं वापरणाऱ्या स्त्रियांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता ४.०५ टक्के आढळली, न वापरणाऱ्यांना १.६४ टक्के. रसायनामुळेच तो झाला, असं यातून सिद्ध होत नाही. तरी मैत्रिणीनं रिलॅक्सर सोडला तो कायमचाच. तिच्यासारख्या अनेकींनी केस आहेत तसे वाढवले आणि सरळ हवे तेव्हा नुसत्या उष्णतेनं करून घ्यायला लागल्या. याला तिथे 'सिल्क प्रेस' म्हणतात.

इस्त्रीनं सरळ झालेला केस पाणी लागताच पुन्हा का वळतो, हे मैत्रीण मला घेऊन गेली त्या पार्लरवाल्या बाईंनी मला खुर्चीत बसवल्या बसवल्या सांगितलं. साठीच्या घरातल्या, हातावर जुन्या डागांच्या खुणा असलेल्या बाई. केसात दोन तऱ्हेचे बंध असतात. काही पक्के, ते रसायनाशिवाय सुटत नाहीत. काही कच्चे, ते पाण्यानं आणि उष्णतेनं सुटतात आणि केस वाळला किंवा निवला की त्या वेळच्या आकारात पुन्हा जुळतात. इस्त्री फक्त या कच्च्या बंधांशी खेळते. म्हणून इस्त्री केलेल्या केसाचा खरा वैरी म्हणजे पाणी. आणि पाणी नसेल तर केस कडकडीत होऊन तुटतो. आता करायचं काय?

बाईंचं उत्तर सोपं होतं. पाणी काय पाजायचं ते इस्त्रीच्या आधी पाजायचं. इस्त्रीनंतर फक्त राखण.

माझा त्या दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ बेसिनपाशी आणि वाफेखालीच गेला. आधी टाळू स्वच्छ होईल असा शाम्पू, कारण जुनं तेल आणि क्रीम केसावर राहिलं तर इस्त्रीखाली ते जळतं. मग घट्ट कंडिशनर प्रत्येक बटेला वेगळा चोळून, बोटांनी गुंता सोडवत. त्यावर प्लास्टिकची टोपी आणि वर टोपासारखा गरम ड्रायर. ऊब लागली की केसावरचे खवले जरा सैल होतात आणि कंडिशनर नीट बसतो. धुतल्यावर पाण्यासारखा पातळ लीव्ह-इन कंडिशनर, त्यावर उष्णतेपासून बचाव करणारं सिलिकोनचं द्रावण, अगदी थेंबभर.

पुढचा नियम बाईंनी दोनदा बजावला: केस शंभर टक्के वाळल्याशिवाय इस्त्री हातात घ्यायची नाही. दमट केसावर तापलेली पट्टी टेकवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे उठतात. त्वचारोगतज्ज्ञ याला 'बबल हेअर' म्हणतात. असा केस त्याच जागी तुटतो. म्हणून आधी ड्रायर, तोही ब्रशनं ताण देत, मुळापासून टोकापर्यंत. मगच इस्त्री. बोटभर रुंदीची बट, तिच्यातून बारीक दातांची फणी पुढे आणि तिच्या मागोमाग इस्त्री, एकदाच, न थांबता. "चर्र वाजलं की मी थांबते," बाई म्हणाल्या, "म्हणजे कुठेतरी ओल राहिली किंवा तेल जास्त झालं." मैत्रिणीच्या केसांना त्यांनी ३८० फॅरनहाइट लावलं होतं, म्हणजे सुमारे १९३ सेल्सिअस. माझ्या केसांना ३५०, सुमारे १७७. इस्त्रीचा आकडा ४५० पर्यंत जातो, पण तो आहे म्हणून वापरायचा नसतो. कमी तापमानावर चार वेळा फिरवण्यापेक्षा नेमक्या तापमानावर एकदा फिरवलेली बरी, हा त्यांचा हिशेब.

उठून मान हलवली तेव्हा केस एकसंध झुलले. हाताला मऊ लागत होते आणि तेल मात्र कुठे दिसत नव्हतं. टोकांना बाईंनी दोन थेंब अर्गन तेल तळहातावर चोळून नुसतं फिरवलं होतं, तेवढंच.

खरी परीक्षा घरी आल्यावर. कोरडं वाटलं की पाण्याचा स्प्रे मारायची मला सवय, ती बंद. ओला केस जाडीत साधारण १५ टक्के फुगतो, लांबीत जेमतेम एक-दोन टक्के. सगळी फूग आडवी, म्हणून चार शिंतोडे पडले तरी डोकं पिसारल्यासारखं दिसतं. ग्लिसरीन असलेली क्रीमही बाईंनी बाजूला ठेवायला लावली. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत मिशिगन सरोवरावरून दमट वारा येतो तेव्हा ते इतकं पाणी ओढतं की इस्त्री दुपारपर्यंत उतरते. आणि जानेवारीत हीटरच्या खोलीत ओढायला हवेत पाणीच नसतं. घरात एक छोटा ह्युमिडिफायर ठेवला, त्याचा उपयोग सगळ्या बाटल्यांपेक्षा जास्त झाला. अंघोळीला प्लास्टिकची टोपी, व्यायामाला कपाळावर पट्टी, आणि घाम आला तर केस तसेच गुंडाळून ठेवून डोकं पूर्ण वाळू द्यायचं.

रात्रीचं गुंडाळणं हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. भांग एका बाजूला पाडून केस डोक्याभोवती एकाच दिशेनं विंचरत न्यायचे, जणू डोकंच रोलर. मागे दोन-चार पिना, वरून सॅटिनचा रुमाल. सुती उशी केसातलं तेल शोषते आणि घासून गुंता करते. सॅटिनवर केस घसरतो. पहिल्यांदा आईनं व्हिडिओ कॉलवर मला त्या अवतारात पाहिलं तेव्हा तिनं काळजीनं विचारलं, "डोकं दुखतंय का गं?" सगळं समजावल्यावर मात्र तिनं कामाची वस्तू पाठवली: हळदीकुंकवात जमलेल्या ब्लाउजपिसांतले सॅटिनचे चार तुकडे, कडा शिवून. ते मी अजून वापरते.

आईचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "मग तेल?"

तेलात पाणी नसतं, म्हणून तेल केसाला ओलावा देत नाही. असलेला ओलावा निसटू देत नाही, इतकंच. पण खोबरेलाला आणखी एक काम येतं आणि ते सिद्ध करणारे आपल्याच मुंबईचे आहेत. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसांतून वाहून जाणारं प्रथिन फक्त खोबरेलानं कमी झालेलं दिसलं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा, म्हणून ते केसाच्या आत शिरतं. बाकीची बरीचशी वरच राहतात. मग माझा क्रम ठरला: धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल भरपूर, इस्त्रीनंतर अजिबात नाही. इस्त्री केलेल्या केसाला ते जड होतं, तो लोळागोळा होतो. शिवाय २४ अंशांखाली ते गोठतं. शिकागोत माझी बाटली हिवाळाभर हीटरशेजारीच उभी असते.

सुट्टीत घरी आले की भाच्या आणि चुलत बहिणी इस्त्री घेऊन रांगेत. आपल्याकडे हेच तंत्र चालतं, पण हवा आणि पाणी बघून. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर इस्त्रीच्या नादी लागूच नये. केस घराबाहेर पडेपर्यंतही टिकत नाहीत. पुण्या-कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत मात्र दोन आठवडे सहज निभतात, पुढच्या धुण्यापर्यंत. बोअरच्या पाण्याचा भाग असेल तर क्षार केसावर थर धरतात, शाम्पूला फेस येत नाही आणि कितीही कंडिशनर लावा, केस राठच. तिथे महिन्यातून एकदा क्षार काढणारा शाम्पू लावावा, किंवा शेवटचं पाणी तरी गोडं घ्यावं. आणि लग्नाआधी पार्लरमध्ये 'केराटिन'च्या नावाखाली जे गळ्यात मारलं जातं, त्याच्या बाटलीवर फॉर्माल्डिहाइड किंवा मिथिलीन ग्लायकॉल लिहिलंय का, हे वाचल्याशिवाय खुर्चीत बसू नये. मिथिलीन ग्लायकॉल तापलं की फॉर्माल्डिहाइडचाच वायू सुटतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत टाकलं आहे.

केस निरोगी आहेत की नाही, हे इस्त्री केल्या दिवशी कळत नाही. त्या दिवशी सगळेच चमकतात. कळतं ते दोन आठवड्यांनी, केस धुतल्यावर. वळण मुळापासून टोकापर्यंत परत आलं, तर तुम्ही आधी पाणी पुरेसं पाजलंत आणि आच बेतानं दिलीत. काही बटा सरळच लोंबत राहिल्या, तर त्या भाजल्या आहेत. कुठलंही तेल, कुठलाही मास्क त्यांना पूर्ववत करणार नाही. त्या कापा, आणि नवे केस येईपर्यंत इस्त्री कपाटात ठेवा.