कॅसेटमधला ठेवा

“फादर, यात त्याचे काही उरले असेल का?” सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यात एका वृद्ध गुरुजींनी दिवंगत मुलाचा सेकंडहँड घेतलेला संगणक माझ्यापुढे ठेवला. तो डीबी स्पेक्ट्रम प्लस होता. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने बनविलेला, अवघ्या ४८ किलोबाइट स्मृतीचा. कळफलकाखालचा ठिसूळ झालेला पातळ पडदा मी बदलला. जुन्या टीव्हीवर अक्षरे उमटली. परंतु कॅसेटवरचा प्रोग्राम संगणकात उतरेना. फितीवर प्रोग्राम आवाजाच्या रूपात असतो. टेपरेकॉर्डरचे हेड किंचित कलले, तरी संगणकाला तो उमगत नाही. हेडचा बारीक स्क्रू मी केसभर फिरवीत राहिलो. चौथ्या संध्याकाळी पडद्यावर पाढे आले, मुलाने धाकट्या बहिणीसाठी रचलेले. गुरुजींनी खुर्ची जवळ ओढली आणि एकोणिसाचा पाढा मोठ्याने म्हटला.